कपाटातला हॅवलॉक

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पोहे होतात, चहा होतो, मग नजर बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाकडे जाते आणि पाहुणा विचारतो, "ह्या बश्या वापरत नाही का तुम्ही?" नाही, वापरत नाही. त्यातल्या दोन तडा गेलेल्या आहेत आणि एकीला तर मागच्या बाजूने तारेचे टाके घातलेले आहेत. धाकटे दीर त्या कपाटाला "वहिनींचं भंगार" म्हणतात. भाचरं जरा सभ्य आहेत, ती "मावशीचं म्युझियम" म्हणतात. :)

ह्या उन्हाळ्यात त्या कपाटात एक नवीन वस्तू आली आणि पहिल्यांदाच तिच्यावरून घरात खराखुरा वाद झाला. तो वाद माझ्या मनातून अजून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले. पण त्याआधी हे खूळ मुळात कुठून आलं ते सांगायला हवं.

मी निवृत्त झाल्यावर २००९ साली पहिल्यांदा लेकीकडे इंग्लंडला गेले. लेक-जावई सकाळीच कामावर जायचे, नात तेव्हा अगदी तान्ही. तिला बाबागाडीत घालून मी गावात चक्कर मारायची. तिथे धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं असतात. अशाच एका दुकानात मला एक निळी बशी दिसली. त्यावर वाकलेलं झाड, पूल, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी. मी जागच्या जागी उभी राहिले. अगदी अशीच बशी माझ्या आजोळी फडताळात होती! आजी तिला "चिनी बशी" म्हणायची आणि आम्हा मुलांना हात लावू द्यायची नाही.

दोन पौंडांना ती बशी घेतली. घरी येऊन उलटी करून बघते तर मागे छापलेलं, 'मेड इन इंग्लंड'. म्हणजे आजीची चिनी बशी चिनी नव्हतीच! इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं आणि एका बशीने मला फसवलं होतं. मग मात्र मी मागेच लागले. इंग्रजी माझं बेताचंच, मराठी माध्यमातून बीए झालेली मी, पण शब्दकोश जवळ ठेवून वाचत गेले.

त्या नक्षीला 'विलो पॅटर्न' म्हणतात. चीनमधून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची इंग्लंडमध्ये फार चलती होती, पण ती महाग. तेव्हा इंग्रज कारागिरांनी १७९०च्या सुमारास चिनी चित्रांची नक्कल करून हे एक चित्र स्वतःच तयार केलं. दोन प्रेमिक पळून जातात, मुलीचा बाप पाठलाग करतो आणि शेवटी ते पक्षी होतात, ही गोष्ट चीनमधली म्हणून सांगितली जाते. तीसुद्धा चीनची नव्हे, चित्रानंतर कितीतरी वर्षांनी इंग्लंडमध्येच रचलेली. आधी बशी, मग तिची दंतकथा!

ही नक्षी हाताने काढलेली नसते, हे मला आणखी नवीन होतं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात कोबाल्टचा निळा रंग भरायचा, पातळ टिश्यू कागदावर त्याचा ठसा घ्यायचा आणि तो ओला कागद एकदा भाजलेल्या बशीवर घासून बसवायचा. कागद पाण्याने धुऊन काढला की रंग मागे राहतो. मग काचेसारखी झिलई देऊन पुन्हा भट्टीत. झिलईच्या खाली निळा ठसा छापण्याची ही रीत स्टोकच्या जोसाया स्पोडने १७८४ साली चांगली बसवली. तुमच्याकडे अशी जुनी बशी असेल तर तिच्या काठाची नक्षी नीट बघा. कुठेतरी एका ठिकाणी ती जुळत नाही. कागदाचे दोन तुकडे तिथे भेटतात. बहुतेक ठिकाणी हे कागद बसवायचं काम बायका करत. ती न जुळलेली जागा सापडली की मला त्या बाईचा हात दिसल्यासारखं वाटतं.

मागची बाजू वाचायलाही हळूहळू शिकले. अमेरिकेने १८९०च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव बंधनकारक केलं, म्हणून १८९१ पासून अशा भांड्यांवर 'इंग्लंड' असं सर्रास येतं. 'मेड इन इंग्लंड' असं पूर्ण असेल तर वस्तू बहुधा विसाव्या शतकातली. आणि मागे चौकटच्या पत्त्यासारखी खूण असेल तर ती १८४२ ते १८८३ मधली नोंदणीची खूण, तिच्या अक्षरांवरून नमुना नोंदवल्याचं वर्षसुद्धा काढता येतं. म्हणजे आजीची बशी काही फार जुनी नव्हती. पण ती मात्र माझ्याकडे नाही. मामांच्या वाटण्यांत कुठे गेली, देव जाणे.

असो. लेकीच्या घरापासून तासाभरावर स्टोक-ऑन-ट्रेंट. टनस्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावं १९१० साली एकत्र झाली, तेच हे शहर. ह्या भागाला 'पॉटरीज' म्हणतात, म्हणजे कुंभारवाडाच म्हणा ना. इथे माती होती आणि भट्ट्यांना लागणारा दगडी कोळसा जमिनीत भरपूर होता. पांढरी माती मात्र दूर कॉर्नवॉलहून आणावी लागे, आणि तयार भांडी घोड्यांच्या पाठीवरून जाताना फुटत. ह्यावर उपाय म्हणून ट्रेंट आणि मर्सी ह्या नद्या जोडणारा कालवा काढला. १७६६ साली त्याची पहिली कुदळ मारली ती जोसाया वेजवुडने. १७७७ साली कालवा पुरा झाला.

हा वेजवुड म्हणजे कुंभाराचा मुलगा, १७३० सालचा जन्म. लहानपणी देवी आल्या आणि त्यात उजवा गुडघा निकामी झाला. १७६८ साली तो पाय कापावा लागला, तोही भूल देण्याची सोय नसताना. चाक पायाने फिरवता येईना तेव्हा हा माणूस माती, रंग आणि उष्णता ह्यांचे प्रयोग करत बसला. त्याची दुधाळ रंगाची भांडी राणी शार्लटला आवडली म्हणून त्याने त्यांचं नावच 'क्वीन्स वेअर' ठेवलं. रशियाच्या कॅथरीन राणीसाठी १७७४ पर्यंत त्याने ९५२ भांड्यांचा संच करून पाठवला, त्यातल्या एकेका भांड्यावर इंग्लंडमधली खरीखुरी दृश्यं रंगवलेली. मी वर्गात औद्योगिक क्रांती शिकवायची ती वाफेचं इंजिन, सूत आणि माग ह्यांवर. बशी कधी माझ्या तोंडून आलीच नाही. खरं तर कामाची वाटणी, ठरावीक दर्जा, राणीच्या नावाची जाहिरात, लंडनमध्ये सजवलेलं दुकान, हे सगळं ह्या गृहस्थाने तेव्हाच केलं होतं.

१७८७ साली वेजवुडच्या कारखान्यात एक छोटं पदक निघालं. त्यावर बेड्या घातलेला, गुडघे टेकलेला आफ्रिकी गुलाम आणि भोवती 'मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का' अशा अर्थाची ओळ. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीसाठी वेजवुडने ती पदकं वाटली. लोकांनी ती दागिन्यांत, डब्यांवर बसवून घेतली. पुढे १८२०च्या दशकात साखरदाण्या निघाल्या, त्यांच्यावर लिहिलेलं असे की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही. वेस्ट इंडीजच्या मळ्यांतली साखर नको म्हणणाऱ्या बायकांनी ती साखरदाणी चहाच्या मेजावर ठेवायची. अशी साखरदाणी मी लंडनला काचेआड पाहिली आणि गोंधळून गेले. ज्या कंपनीने आमचा मुलूख गिळला, तिची साखर म्हणजे स्वच्छ साखर! पण ती साखरदाणी ठेवणाऱ्या बाईची कळकळ खोटी होती असंही म्हणवेना.

मला वाटतं, माझा संग्रह खरा सुरू झाला तो त्या दिवसापासून. त्याआधी मी नुसत्या बश्या जमवत होते.

जमवणाऱ्यांच्याही दोन तऱ्हा असतात, हे पुढे कळलं. लेडी शार्लट श्रायबर नावाच्या बाई एकोणिसाव्या शतकात युरोपभर हिंडून दुकानं आणि अडगळी धुंडाळत. शिकलेल्या बाई, वेल्श भाषेतल्या जुन्या कथांचं भाषांतर त्यांनी केलेलं, पहिल्या लग्नाची दहा मुलं वाढवलेली. दुसऱ्या यजमानांबरोबर त्यांनी इंग्रजी भांड्यांचा मोठा संग्रह केला आणि १८८४ साली यजमान गेल्यावर त्यांच्या आठवणीसाठी तो लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. आज त्या संग्रहालयाला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतात. बाईंची नजर उत्तम वस्तूवर. दुसरे ब्रायटनचे हेन्री विलेट. त्यांनी जमवलं ते साध्या माणसांच्या घरातलं, राजे, लढाया, खून, दारू, खेळ असे विषय लावून. त्यांचं म्हणणं असं की देशाचा इतिहास घरातल्या मातीच्या भांड्यांवरून वाचता येतो. त्यांचा संग्रह ब्रायटनच्या संग्रहालयात आहे. माझी ऐपत आणि स्वभाव, दोन्ही विलेटच्या बाजूचे. :)

ह्या विलेटसाहेबांच्या वाटेनेच मी आमच्या घरातल्या भांडणापाशी येऊन पोचले.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात पॉटरीजमध्ये मातीच्या रंगीत मूर्ती ढिगाने होत. कामकऱ्यांच्या घरात शेकोटीवर एक फळी असते, तिच्यावर मांडायच्या. दोन पुढारी, दोन कुत्रे, एखादा धर्मोपदेशक, एखादा गाजलेला खुनीसुद्धा! मूर्ती भिंतीला टेकून राहणार, मागून कोण बघतंय? म्हणून पाठ सपाट आणि रंग न दिलेली. आपल्या गणपतीसारखाच साचा, दोन अर्ध्यांत माती दाबायची आणि जोडायची. चेहऱ्याचं फारसं कोणाला पडलेलं नसे. बेंजामिन फ्रँकलिनच्या मूर्तीवर 'वॉशिंग्टन' असं नाव घालूनही विकल्या गेल्या आहेत.

ह्या मूर्ती आणि बश्या करणारे कोण, ते लाँगटनच्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये कळतं. तो जुना कारखानाच आहे, बाटलीच्या आकाराच्या उंच भट्ट्यांसकट. एकेकाळी त्या शहरात अशा दोन हजारांच्या आसपास भट्ट्या होत्या, आता पन्नाससुद्धा उरलेल्या नाहीत. १८४१ साली सॅम्युअल स्क्रिव्हन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने इथल्या मुलांची चौकशी करून अहवाल दिला. लहान लहान पोरं ओल्या बशीचा साचा घेऊन तापलेल्या वाळवणाच्या खोलीत धावत, ठेवून परत धावत, दिवसभर. झिलईत भांडी बुडवणाऱ्यांच्या अंगात शिसं भिनत असे, दळलेल्या गारगोटीची धूळ छातीत बसे. १८६४ मध्ये ह्या धंद्याला कारखान्यांचा कायदा लागू झाला. मी तिथे उभी असताना माझ्या शाळेतली पाचवीची पोरं डोळ्यांसमोर येत होती.

आता यंदाची गोष्ट. जुन्या वस्तूंच्या एका बाजारात लेक, नात आणि मी हिंडत होतो. नात आता सोळा वर्षांची आहे, बाबागाडीतली पोर आता माझी पिशवी उचलते. एका टेबलावर हातभर उंचीची एक मूर्ती दिसली. निळा कोट, हातात तलवार, आणि पायाशी उठावाच्या अक्षरांत नाव, हॅवलॉक.

माझ्या काळजात चर्र झालं. हेन्री हॅवलॉक म्हणजे १८५७ साली नानासाहेब पेशव्यांवर चालून गेलेला सेनापती. जुलैमध्ये कानपूरजवळ त्याने नानासाहेबांच्या फौजेचा पराभव केला, पुढे बिठूरचा वाडा इंग्रजांनी जाळला. नोव्हेंबरमध्ये लखनौला तो आजाराने मेला आणि इंग्लंडमध्ये देवासारखा पुजला गेला. १८६१ साली लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. फळीवरच्या ह्या मूर्ती त्याच लाटेतल्या.

मूर्ती हातात घेऊन बघितली. खोट्या फार निघतात. अलीकडच्या नकलांमध्ये पातळ माती साच्यात ओततात, त्यांच्या बुडाला बहुधा मोठं भोक असतं. हिला हवा जाण्यापुरतं बारीक भोक होतं. सोनेरी रंग मऊ आणि झिजलेला, आरशासारखा चकाकणारा नाही. वस्तू खरी होती. पण मी ती खाली ठेवली.

माझे वडील बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला अठरा महिने होते. सत्तावन्नच्या गोष्टी त्यांनी आम्हाला अंगणात बसवून सांगितलेल्या. त्यांच्या मुलीने पैसे मोजून हॅवलॉक घरी आणायचा?

नात म्हणाली, "आजी, तुला आवडली तर घे ना."

"आवडली नाही गं, म्हणूनच अडलेय."

मग तिथेच एका बाकावर बसून तिला सगळं सांगितलं. कानपूरला सतीचौरा घाटावर शरण आलेल्या इंग्रजांवर गोळ्या चालल्या तेही सांगितलं, बीबीघरात इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली तेही, आणि त्याआधी अलाहाबादला आणि नंतर कानपूरला जनरल नीलने लोकांना कसं फासावर चढवलं तेही. वडील पहिला भाग सांगत नसत. इंग्रज दुसरा सांगत नसत. वर्गात मी दोन्ही दोन-दोन ओळींत उरकत असे.

नातीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्याला घरात ठेवणारे लोक वाईट होते का?"

मला त्या साचा घेऊन धावणाऱ्या पोरांची आठवण झाली. कदाचित तशाच एखाद्या पोराने ह्या कोटाला निळा रंग दिला असेल. त्याला कानपूर कुठे आहे हे काय माहीत? ज्या कामकऱ्याने ती फळीवर ठेवली त्याने वर्तमानपत्रात जेवढं आलं तेवढंच वाचलेलं किंवा ऐकलेलं. "वाईट नव्हते," मी म्हटलं, "त्यांना मूर्ती पुढूनच दिसत होती."

बोलून गेले आणि माझं मलाच लागलं. मीसुद्धा चौतीस वर्षं मुलांना एकाच बाजूने दाखवलेल्या मूर्ती थोड्या का होत्या?

मूर्ती घेतली. किंमत सांगत नाही, ह्यांनी अजून विचारलेली नाही. :)

घरी आल्यावर मात्र जुंपली. हे एरवी शांत, पण म्हणाले, "अगं, अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं नावसुद्धा २०१८ साली बदलून स्वराज द्वीप केलं, आणि तू त्याला आपल्या घरात जागा देतेस? अण्णांना काय वाटलं असतं?" अण्णा म्हणजे माझे वडील. दोन दिवस आमचं बोलणं बेतापुरतंच होतं. मी म्हटलं, बेटाचं नाव बदललं ते योग्यच झालं. बेटाला नाव देणं म्हणजे मान देणं. पण कपाट म्हणजे देव्हारा नव्हे. तिथे ठेवलेल्या वस्तूला मी नमस्कार करत नाही, तिला प्रश्न विचारते. त्यांना हे पटलं असं नाही. अण्णांना पटलं असतं का, ह्याचंही उत्तर माझ्यापाशी नाही, आणि तो सल राहील.

शेवटी एक तोडगा निघाला, तो नातीनेच फोनवरून सुचवला. कपाटातल्या प्रत्येक वस्तूजवळ मी आता माझ्या अक्षरात एक चिठ्ठी ठेवते आहे. वस्तू काय, कधीची, कशी केली, आणि तिच्यावर काय दिसत नाही. विलो बशीच्या चिठ्ठीत आजी आली आहे. तारेचे टाके घातलेल्या बशीच्या चिठ्ठीत लिहिलं आहे की कुणाला तरी ही फेकवली नाही. हॅवलॉकची चिठ्ठी सगळ्यात लांब झाली. त्यात नानासाहेब आहेत, बिठूर आहे, बीबीघर आहे, नीलने फासावर चढवलेले आहेत आणि साचा घेऊन धावणारी पोरं आहेत. ह्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "तात्या टोपे राहिले." ते जोडले. तेव्हापासून बोलणं सुरळीत आहे.

हे सगळं आमच्यामागे कोण सांभाळणार, हा प्रश्न आहेच. मोठमोठ्यांचंही सुटलेलं नाही. स्पोडचा स्टोकमधला कारखाना २००८ साली बंद पडला. २००९च्या जानेवारीत वेजवुडची कंपनी बुडाली आणि कामगारांच्या पेन्शनच्या देण्यापायी त्यांचं संग्रहालयच विकायची पाळी आली. २०१४ साली लोकांनी आणि संस्थांनी मिळून दीड कोटी पौंडांवर रक्कम उभी केली तेव्हा तो ठेवा वाचला. माझ्या कपाटासाठी कोणी वर्गणी काढणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण नातीने विचारलं आहे, "आजी, चिठ्ठ्या मराठीत लिहितेस ना? मला मराठी वाचायला वेळ लागतो, पण मी वाचेन."

लागू दे वेळ. मलाही शब्दकोश घेऊनच वाचावं लागलं होतं.

आता एक मागणं. नातेवाईकांपैकी कुणाच्या माळ्यावर आजोळची ती निळी बशी निघाली तर कळवा. फुटकी असली तरी चालेल. आणि पुढच्या वेळी घरी आलात की कपाटापाशी जरा थांबा. हॅवलॉकला मी मुद्दाम थोडा तिरका ठेवला आहे, म्हणजे त्याची कोरी पाठही दिसते.